क्विटोत महिना विचारू नका, उंची विचारा

इक्वेडोरला जायचं म्हटलं की आपल्याकडचा माणूस आधी विचारतो, "कुठल्या महिन्यात हवा चांगली असते?" आपण ऋतू पंचांगात शोधतो: मृग लागला की पाऊस, दिवाळीला गारवा, होळीनंतर काहिली. क्विटो या राजधानीच्या शहरात (तिथली माणसं 'किटो' म्हणतात) हा प्रश्न फुकट जातो. तिथल्या सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिन्याच्या सरासरी तापमानात जेमतेम एखाद्या अंशाचा फरक असतो. जानेवारीत १५ अंशांच्या आसपास, जुलैतही तेवढंच. मात्र एकाच दिवसात सकाळी स्वेटर, अकरा वाजता टोपी, दुपारी छत्री आणि रात्री जाड पांघरूण लागतं. दिवसात चार ऋतू होतात, हे क्विटोकर स्वतःच हसत सांगतात.

खरा प्रश्न उंचीचा आहे. त्या देशात ऋतू काळात नसतो, जागेत असतो. थंडी हवी तर डोंगर चढायचा, उकाडा हवा तर उतरायचा. हे एकदा लक्षात आलं की तिथला बाजार, स्वयंपाक, पक्षी, पाणी, सगळं उलगडायला लागतं.

आधी साधं गणित. इक्वेडोर म्हणजे स्पॅनिशमध्ये विषुववृत्त. देशाचं नावच त्या रेषेवरून पडलं. रेषा क्विटोच्या थोडी उत्तरेकडून जाते. तिथे दिवस वर्षभर बारा तासांचा, सूर्य रोज सहाच्या आगेमागे उगवतो आणि सहाच्या आगेमागे मावळतो. दुपारचा सूर्य कधीच फारसा कलत नाही. त्यामुळे आपल्यासारखा डिसेंबरमधला तिरपा, नरम सूर्य तिथे येतच नाही. ऋतू घडवणारं मुख्य यंत्रच तिथे बंद आहे म्हणा ना. तरीही लोक 'इनव्हिएर्नो' म्हणजे हिवाळा आणि 'वेरानो' म्हणजे उन्हाळा हे शब्द वापरतात. पण त्यांचा हिवाळा म्हणजे पावसाचे महिने आणि उन्हाळा म्हणजे कोरडे महिने. थंडीचा त्यात फारसा संबंध नाही.

मग गारवा येतो कुठून? उंचीमुळे. क्विटो समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटरवर आहे. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी बाराशे मीटर चढून गेलात की तिथे लाखो लोकांचं शहर, बससेवा, बाजार, फुटबॉलचं मैदान.

"डोंगरावर आपण सूर्याच्या जवळ जातो, मग थंड का?" हा शाळेतला प्रश्न मोठेपणीही पुष्कळांच्या मनात असतो, फक्त विचारायला लाज वाटते. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. तीन किलोमीटर जवळ गेल्यानं त्याला काही वाटत नाही. सूर्याचं ऊन हवेतून बरंचसं सरळ खाली येतं आणि जमीन तापवतं. हवा तापते ती मुख्यतः जमिनीमुळे. तापलेली हवा वर जाते तसा भोवतालचा दाब कमी होतो, ती पसरते, आणि पसरताना थंड होते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो ना, त्याच्या बरोबर उलट. हिशेब साधारण असा की दर हजार मीटर चढलं की पाच-सहा अंश उतरतात. विषुववृत्तावर असूनही पाच हजार मीटरच्या वर कायमचा बर्फ सापडतो तो याच कारणानं.

हवा विरळ असल्यानं दोन गोष्टी आणखी होतात. एक, दिवसा ऊन भाजून काढतं, कारण अतिनील किरण अडवायला वर हवाच थोडी असते. दुसरी, सूर्य मावळला की जमिनीची ऊब झरझर आकाशात निघून जाते. म्हणून दिवसरात्रीत दहा-बारा अंशांचा फरक पडतो, आणि महिन्यामहिन्यांत जवळजवळ काहीच नाही. उष्ण कटिबंधातल्या उंच पर्वतांबद्दल वनस्पतींचे अभ्यासक म्हणतात, तिथे रोज दिवसा उन्हाळा आणि रोज रात्री हिवाळा.

हे वाक्य अक्षरशः घ्यायला हवं. आपल्याकडच्या झाडाला थंडीची तयारी करायला दोन महिने मिळतात. तिथल्या झाडाला बारा तास मिळतात, आणि तेही रोज. कोलंबियाच्या सीमेजवळ एल आंखेल नावाचा माळ आहे. तिथे 'फ्राइलेखोन' नावाची झाडं माणसाएवढी आणि त्याहून उंच होतात. ही सूर्यफुलाच्या कुळातली, पण दिसतात एखाद्या खांबावर लोकरीच्या पानांचा झुपका बसवल्यासारखी. पानांवर दाट लव असते. जुनी पानं वाळली तरी गळत नाहीत, खोडाभोवती तशीच लोंबत राहतात. झाडानं आपल्याच वाळक्या पानांची घोंगडी पांघरलेली असते, म्हणून रात्री खोडातलं पाणी गोठत नाही. आफ्रिकेत केनियाच्या पर्वतावर वाढणारी राक्षसी लोबेलिया अगदी वेगळ्या कुळातली, पण तिनंही जवळपास असाच आकार घेतला आहे. रोजच्या हिवाळ्याचं कोडं दोघींना एकच पडलं, उत्तरही मिळतंजुळतं निघालं.

हमिंगबर्डचं उत्तर वेगळं. चिंबोराझो ज्वालामुखीच्या उतारांवर साडेतीन हजार मीटरच्या वर एक छोटा, जांभळ्या डोक्याचा हमिंगबर्ड राहतो. एवढ्याशा देहाला रात्रभर उबदार राहायचं तर अखंड खावं लागेल, आणि रात्री मध कुठून मिळणार? म्हणून असे पक्षी रात्री शरीराची भट्टीच मंद करतात. ठोके मंदावतात, अंग गार पडतं. पेरूच्या अँडीजमध्ये (दक्षिण अमेरिकेची ही लांबलचक पर्वतरांग) राहणाऱ्या एका हमिंगबर्डचं शरीर रात्री ३.३ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सकाळी हाच पक्षी थरथरून पुन्हा तापतो आणि फुलांवर जातो. अस्वल जे वर्षातून एकदा करतं त्याहून खोल झोप हा रोज झोपतो.

आता माणसांकडे येऊ. तिथे स्वयंपाकघरात शिरलं की उंचीशी पहिली गाठ पडते ती पातेल्यात. दाब कमी म्हणून क्विटोत पाणी शंभराऐवजी नव्वदच्या जरा वर उकळतं. उकळी दणक्यात येते, वाफा निघतात, पण पाणी तेवढं गरम नसतं. आच वाढवली तर पाणी आटतं, डाळ काही शिजत नाही. अँडीजमधल्या घरांत प्रेशर कुकर का लागतो हे कुठल्याही मराठी गृहिणीला वेगळं समजावायला नको: कुकर म्हणजे बंद भांड्यात आणून ठेवलेली समुद्रसपाटी. कडधान्यं, वाळवलेल्या मक्याचं 'मोते', सगळं त्याच्याच जिवावर.

ताटात काय येतं तेही उंची ठरवते. उतारावरून खालून वर जाताना आपण जणू वर्षातून प्रवास करतो. पायथ्याला केळी आणि कोको. हजार-दीड हजार मीटरवर कॉफी आणि ऊस. या उसाचा गूळ होतो, ढेपांचाच. त्याला 'पानेला' म्हणतात. थंडीच्या रात्री क्विटोच्या रस्त्यांवर दालचिनी घालून उकळलेलं जे गरम पेय मिळतं, त्यात हाच गूळ असतो. (त्यात उसाची दारूही असते, चहा समजून मोठा घोट घेऊ नये.) दोन हजारांच्या वर मका, बार्ली, वालासारख्या शेंगा. तीन हजारांच्या आसपास बटाटा. त्याच्या वर फक्त गवत.

एकाच उंचीवर राहणाऱ्याला सगळं पिकवता येत नाही, म्हणून देवाणघेवाण आलीच. दक्षिणेकडे पेरू-बोलिव्हियात पुष्कळ समाजांनी आपलीच माणसं वेगवेगळ्या उंचीवर वसवली होती. आजच्या इक्वेडोरच्या भागात, दक्षिणेकडून इंका साम्राज्य येण्याआधी, 'मिंदालाए' नावाचे खास व्यापारी होते, जे मीठ, कापूस, मिरच्या, शिंपले वरखाली नेत. आजही हा व्यवहार सुरू आहे, फक्त ट्रकमधून. अंबातो शहराच्या सोमवारच्या बाजारात एकीकडे केळीचे घड आणि दुसरीकडे बटाट्याची पोती दिसतात. आपल्या आठवडी बाजारात जे भाजीपाल्याचे 'सीझन' एकामागून एक येतात, ते तिथे शेजारीशेजारी बसलेले असतात.

बटाट्याशी जरा थांबतो, कारण इथे आपलाही संबंध आहे. बटाटा मूळचा अँडीजचा. आपला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि वड्यात, उपासाच्या भाजीत तो इतका मुरला की तो परदेशी आहे हे आठवतही नाही. पण बटाट्याला स्वतःला ते आठवतं. त्याचा कंद धरायला रात्री गार लागतात. अँडीजच्या उंच माळावर जन्मल्याची ती सवय आहे. अँडीजमधला शेतकरी हा गारवा उंचीवर जाऊन मिळवतो, आणि वर्षभर मिळवतो. उत्तर भारताच्या सपाट मैदानात उंची कुठून आणणार? म्हणून तिथे बटाटा हिवाळ्यात लावतात. जे पीक तिथे एका जागेचं होतं, ते इथे येऊन एका हंगामाचं झालं. पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर पावसाळ्यातही बटाटा होतो, त्यात त्या पठाराच्या उंचीचा वाटा आहे. मला ही गोष्ट फार आवडते: पिकानं स्थलांतर केलं तेव्हा त्याचा पत्ता तारखेत बदलला.

हा बदल दर वेळी जमतोच असं नाही. कोयनेलचं उदाहरण घ्या. हिवतापावरचं हे औषध सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीतून निघतं, आणि या सालीसाठी इक्वेडोरचा दक्षिण भाग, लोखा, प्रसिद्ध होता. इंग्रजांना ही झाडं हिंदुस्थानात हवी होती. १८६० मध्ये रिचर्ड स्प्रूस या वनस्पतिसंग्राहकानं चिंबोराझोच्या पश्चिम उतारावर लाल सालीच्या सिंकोनाचं बी गोळा केलं आणि रोपं तयार करवून घेतली. ती पुढे निलगिरीत उटकमंडला पोचली. झाड गुणी, पण हट्टी: ढगांच्या पट्ट्यात, फार थंड नाही फार गरम नाही, आणि वर्षभर ओलावा. निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या बाजूला ते रुजलं. महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही सिंकोनाची लागवड करून पाहिली गेली. ती टिकली नाही. महाबळेश्वरला उंची आहे, ढग आहेत, पाऊस तर विचारूच नका. पण तो सगळा चार महिन्यांत कोसळतो आणि मग जमीन आठ महिने वाट बघत बसते. चिंबोराझोच्या उतारावर जो ओलावा जागेत असतो, तो महाबळेश्वरला पंचांगात असतो. बटाट्याला ही अदलाबदल चालली. पाच-पन्नास वर्षं एका जागी उभं राहणाऱ्या झाडाला कशी चालावी?

गुलाबाला मात्र इक्वेडोरची जागाच लाभली. क्विटोच्या उत्तरेला कायांबे भागात १९८०च्या दशकापासून गुलाबाच्या काचघर-प्लास्टिकघरांच्या रांगा उभ्या राहिल्या. गार रात्रींमुळे फूल सावकाश वाढतं, त्यामुळे दांडा लांब आणि कळी मोठी होते. डोक्यावरच्या उन्हामुळे दांडा सरळ जातो. आणि हंगाम नसल्यानं १४ फेब्रुवारीसाठी काढणी मागेपुढे करणं सोपं पडतं. मावळातला पॉलिहाऊसवाला शेतकरी त्याच तारखेसाठी डिसेंबर-जानेवारीत थंडीकडे डोळे लावून बसतो, हे आठवलं की दोन्ही धंद्यांतला फरक लगेच कळतो.

उंचीनं फुटबॉलचाही निकाल लागतो. खालून आलेल्या खेळाडूला क्विटोत दम लागतो, आणि विरळ हवेत चेंडू अंदाजापेक्षा वेगानं जातो. तक्रारी इतक्या झाल्या की २००७ मध्ये फिफानं उंचावरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांवर बंदी घातली. अँडीजमधले देश चिडले आणि पुढच्या वर्षी ती मागे पडली. बरं झालं. मुंबईच्या दमट हवेत खेळायला कुणी बंदी घालत नाही.

आता थोडा अवघड भाग, पण तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इक्वेडोर महाराष्ट्रापेक्षा लहान देश आहे. तरी तिथे पक्ष्यांच्या सोळाशेहून अधिक जाती आहेत; अख्ख्या भारतात त्याहून कमी, साडेतेराशेच्या घरात. ऑर्किडच्या चार हजारांहून अधिक. एवढी गर्दी कशी? अॅमेझॉनचं जंगल आहे, पाऊस आहे, ही कारणं आहेतच. पण आणखी एक देखणं कारण डॅनियल जॅन्झन या अमेरिकी अभ्यासकानं १९६७ मध्ये मांडलं. त्याचं म्हणणं, उष्ण कटिबंधातली खिंड तेवढ्याच उंचीच्या थंड प्रदेशातल्या खिंडीपेक्षा 'जास्त उंच' असते.

ऐकायला विचित्र वाटतं. पण असं बघा: हिमालयाच्या किंवा आल्प्सच्या दरीतला बेडूक दर वर्षी कडाक्याचा हिवाळा सोसतो. उन्हाळ्यात तो खिंडीत गेला तर तिथला गारठा त्याच्या ओळखीचा असतो. असाच गारठा त्यानं जानेवारीत घरी बसून पाहिलेला असतो. इक्वेडोरच्या खालच्या दरीतल्या बेडकाचं आयुष्य एकाच तापमानात जातं. त्याला वर दोन हजार मीटरवरची हवा कधीच भेटलेली नसते. त्याच्यासाठी खिंड ही नुसती चढण नाही, परका मुलुख आहे. तो चढत नाही. पलीकडच्या दरीतला त्याचा भाऊबंदही चढत नाही. लाखो वर्षं दोघं आपापल्या दरीत राहिले की दोन वेगळ्या जाती होतात. एकाच डोंगरावर खालचे, मधले, वरचे असे वेगवेगळे रहिवासी जमतात, जणू मजल्यामजल्यावर वेगळी बिऱ्हाडं आणि जिना कुणीच वापरत नाही.

या मजल्यांचं पहिलं प्रसिद्ध चित्र याच देशात जन्मलं. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट २३ जून १८०२ रोजी फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बोंप्लां आणि क्विटोचा तरुण कार्लोस मोंतुफार यांच्याबरोबर चिंबोराझो चढायला गेला. शिखर काही गाठता आलं नाही, पण हा अनुभव आणि गोळा केलेल्या वनस्पती यांतून त्यानं १८०७ मध्ये डोंगराचा एक उभा छेद प्रसिद्ध केला, आणि कुठल्या उंचीवर कुठली वनस्पती ते त्या चित्रावरच लिहिलं. (चिंबोराझो ६,२६३ मीटरचा, म्हणजे एव्हरेस्टहून बराच बुटका. पण पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली असल्यानं पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूरचं टोक तेच.)

दोनशे वर्षांनी संशोधक तेच चित्र हातात घेऊन परत गेले. २०१५ च्या एका अभ्यासानं सांगितलं की वनस्पती सरासरी पाचशे मीटरहून जास्त वर सरकल्या आहेत. २०१९ मध्ये दुसऱ्या गटानं हुम्बोल्टचे कागद बारकाईनं तपासले, तेव्हा कळलं की चित्रातल्या वरच्या भागातली बरीच माहिती चिंबोराझोची नव्हतीच, अंतिसाना नावाच्या दुसऱ्या ज्वालामुखीवरची होती. तिथे नव्यानं मोजल्यावर सरकणं २१५ ते २६६ मीटर निघालं. आकडा अर्ध्यावर आला, दिशा तीच राहिली. हवा तापली की आपण एसी लावतो. झाडं पिढ्यान्‌पिढ्या वर चढतात.

झाडांची शेवटची सीमा आणि बर्फ यांच्या मधला गवताळ पट्टा म्हणजे पारामो. पाहणाऱ्याला तो ओसाड वाटतो: धुकं, चिखल, पिवळसर गवताचे ठोंब. पण क्विटोच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग याच माळांवरून येतो. थंडीमुळे तिथे पालापाचोळा लवकर कुजत नाही, तो ज्वालामुखीच्या राखेत साठत जातो आणि स्पंजसारखी काळी माती तयार होते. पाऊस आणि धुकं ती शोषून घेते आणि कोरड्या महिन्यांत थेंबाथेंबानं सोडते. धरण बांधायचं काम मातीच करते. अशा ठिकाणी 'नुसती पडीक जमीन' म्हणून पाइनची लागवड केली, तर माती सुकते आणि ओढ्यांचं पाणी घटतं, हा अनुभव तिथे आला आहे. क्विटोनं २००० मध्ये पाण्यासाठी एक कायमचा निधी उभारला; त्यातून या माळांची राखण होते. दक्षिणेकडच्या क्वेंका शहरात फेब्रुवारी २०२१ मध्ये सार्वमत झालं, आणि सुमारे ८० टक्के मतदारांनी नद्यांच्या उगमक्षेत्रात मोठ्या खाणी नकोत असा कौल दिला. 'पडीक' शब्द आपल्या सरकारी कागदांतही सड्यांसाठी आणि माळरानांसाठी सर्रास वापरतात, तेव्हा हा कौल मला आपल्याकडे कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावा असं वाटतं.

पारामोच्याही वर बर्फ. चिंबोराझोच्या पायथ्याच्या गावातले लोक पूर्वी गाढवं घेऊन हिमनदीपर्यंत जात, कुदळीनं बर्फाचे ठोकळे काढत, पारामोच्याच गवतात गुंडाळून रिओबांबाच्या बाजारात विकत. फ्रीज आले तशी माणसं कमी होत गेली. शेवटी एकटे बाल्तासार उश्का उरले, 'शेवटचे बर्फवाले' म्हणून जगभर माहीत झालेले. २०२४ मध्ये ते वारले. बाजारात फळांच्या रसात हा बर्फ पडायचा, आणि फ्रीजच्या बर्फापेक्षा त्याला चव आहे असं गिऱ्हाइकं हटकून सांगायची. गवताचे आवरण सोडलं की ठोकळ्याच्या कडेला दोन-चार काड्या चिकटलेल्या असत. रसवंतीवाला त्या नखानं काढून टाकी आणि ग्लास पुढे करी.